गिझातलं पपायरसचं दुकान: डेमो झकास, नावाची पट्टी घेऊ नका

इजिप्तमध्ये गिझाचे पिरॅमिड बघून झाले की टूरवाला गाडी हमखास एखाद्या पपायरसच्या, म्हणजे त्याच नावाच्या पाणवनस्पतीपासून बनवलेल्या प्राचीन पद्धतीच्या कागदाच्या, दुकानाकडे वळवतो, पाटीवर इन्स्टिट्यूट वगैरे लिहिलेलं असतं पण असतं दुकानच. तरी कागद बनवण्याचा डेमो बघाच, फुकट असतो आणि खरंच भारी. हिरवा तिकोनी देठ सोलला, आतल्या पांढऱ्या गराच्या पातळ पट्ट्या काढल्या, भिजलेल्या पट्ट्या एकावर एक आडव्या-उभ्या मांडून दाबून ठेवल्या की आपोआप चिकटतात, डिंक-बिंक काही नाही. तयार कागद सेल्समनने हातात गुंडाळला, दुमडला, परत सरळ केला, काही झालं नाही. रस्त्यावर जो केळीच्या पानांचा नकली माल मिळतो तो लगेच तडकतो म्हणे.

आता तक्रार. सेल्समनचं पालुपद एकच, प्राचीन इजिप्तचे लेखनिक अशीच चित्रं काढायचे आणि लोकांची नावं अशीच लंबगोल चौकटीत लिहून द्यायचे. अहो काहीही! ती चौकट राजाराणीच्या नावाची. आणि लेखनिक रोजचं काम चित्रलिपीत करतच नव्हता, त्याची हायरॅटिक लिपी वेगळी, आपल्या मोडीसारखी भराभर लिहायची, उजवीकडून डावीकडे. मांडी घालून बसायचा, ताणलेलं धोतर हेच टेबल, लाकडी पट्टीत दोन खळगे, एकात काजळीची काळी शाई, दुसऱ्यात गेरूची लाल, आणि बोरूसारखी बारीक काडी. इथे मात्र तुमचं नाव चित्रलिपीत पपायरसच्या पट्टीवर मार्करने लिहून देतात, माझ्या आडनावातल्या ळ साठी सेल्समन सरळ सिंह काढून मोकळा झाला 😄

बरं लेखनिकाचं काम काय तर शेतं मोजा, सारा किती बसतो लिहा, कोठारातलं धान्य मोजा, मजुरांचा शिधा वाटा. लिहितावाचता येणारे मूठभर, त्यामुळे रुबाब मोठा. शाळेतली पोरं जो मजकूर घोटायची त्यात बाप मुलाला सांगतो, धोब्याला मगरीशेजारी कपडे धुवावे लागतात, बाकी सगळेच धंदे वाईट, तू लेखनिकच हो. लिहिणारा स्वतः लेखनिकच असणार, दुसरं काय लिहिणार!

आणि पपायरस महाग, म्हणून बारीकसारीक नोंदी चुनखडीच्या कपच्यांवर. ब्रिटिश म्युझियममध्ये दुसरा रामसेस या इजिप्तच्या राजाच्या कारकिर्दीतल्या ४०व्या वर्षाचं राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांचं हजेरीपत्रक आहे, काळ्या शाईत तारखा, वर लाल शाईत गैरहजेरीची कारणं: विंचू चावला, बिअर बनवत होता, आईचं प्रेत गुंडाळत होता. असं काहीतरी नक्कल करून विकलं असतं तर मी दोन घेतले असते, पण तिथे सगळी तीच तीच थडग्यातली चित्रं आणि सोनेरी रंग.

कागदाला ५ पैकी ४, माहितीला १. सांगितलेल्या किमतीवर जाऊ नका, उठून दाराकडे निघालात की निम्म्याच्याही खाली येतात. चित्राऐवजी कोरा कागद मागा, तो काउंटरखाली असतो आणि बराच स्वस्त पडतो, आणि पुठ्ठ्याची नळी मागून घ्या, बॅगेत दुमडत नाही.