अंपायरचं किट आणि बाहेर काढण्याचा अधिकार : आठ महिने वापरून झाल्यावर

मार्च ते ऑक्टोबर. बेसबॉलच्या ६१ मॅचेसना अंपायर म्हणून उभा राहिलो, त्यातल्या ३८ प्लेटच्या (बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटाच्या) मागे, बाकीच्या बेसवर (पळत गाठायच्या ठाण्यांपाशी). तीन जणांना मैदानाबाहेर काढलं. खरं तर मास्क, क्लिकर वगैरेंबद्दल लिहायला बसलो होतो, पण किटमधल्या वस्तू आणि हे बाहेर काढणं एकमेकांपासून सुटे करता येईनात. तेव्हा दोन्ही एकत्रच लिहितो.

मी डोंबिवलीचा, राहतो न्यू जर्सीत, एडिसनजवळ. मुलगा बेसबॉल खेळायचा म्हणून मैदानावर जायला लागलो. त्यानं दोन वर्षांत बॅट ठेवली आणि रोबोटिक्स धरलं. मी मात्र तिथेच राहिलो. गेल्या हिवाळ्यात इथल्या अंपायर संघटनेचे सहा शनिवारचे वर्ग केले, जुनं-नवं मिळून साधारण चारशे डॉलरचं किट जमवलं आणि मार्चपासून उभा राहतोय. शनिवारी तेरा-चौदा वर्षांची मुलं, रविवारी मोठ्यांची हौशी लीग. मोठे म्हणजे प्लंबर, शिक्षक, कॉलेजची पोरं, आणि एक दंतवैद्य जो स्ट्राइक-आउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला की लहान मुलासारखा रुसतो.

आपण क्रिकेटवर वाढलेलो. अंपायरनं बोट वर केलं की विषय संपला, आणि नाही संपला तर पुढचं मॅच रेफरी बघेल. १९८७ मध्ये फैसलाबादला अंपायर शकूर राणा आणि इंग्लंडचा कप्तान माइक गॅटिंग यांची जुंपली, तेव्हा कसोटीचा एक अख्खा दिवस वाया गेला. खेळाडूला मैदानाबाहेर पाठवायची सोय क्रिकेटच्या नियमांत यायला २०१७ उजाडलं. बेसबॉलमध्ये हा अधिकार प्रत्येक अंपायरच्या खिशात पहिल्या दिवसापासून असतो, आणि तो भरपूर वापरलाही जातो. अटलांटा ब्रेव्हजचे मॅनेजर (म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक) बॉबी कॉक्स नियमित मोसमांतल्या मॅचेसमध्ये दीडशेहून जास्त वेळा हाकलले गेले. तो विक्रम आहे, आणि लोक तो कौतुकानं सांगतात. माझ्या क्रिकेटी डोक्याला हे पचायला वेळ लागला. मी दोन टोकांना जायचो: एक तर सगळं ऐकून घ्यायचो, नाहीतर एकदम भडकायचो.

आधी मास्क. मी जुन्या पद्धतीचा, जाळीचा आणि मागे पट्टे असलेला घेतला. हॉकीच्या गोलकीपरसारखं डोकं पूर्ण झाकणारं हेल्मेटही मिळतं. ते जास्त सुरक्षित वाटतं, पण बोलायच्या वेळी काढायला झटापट करावी लागते. जाळीचा मास्क डाव्या हातानं एका हिसक्यात निघतो, टोपी डोक्यावरच राहते, उजवा हात मोकळा. हे वर्गात शिकवलं तेव्हा निव्वळ स्टाइल वाटली होती. पण वाद घालायला आलेल्या माणसाला तुमचा चेहरा दिसला की त्याचा आवाज थोडा खाली येतो, हे मी स्वतः पाहिलंय. जाळीआडून बोललं की भांडण वाढतं. सुरक्षिततेचं म्हणाल तर मे महिन्यात बॅटला चाटून आलेला एक फाउल बॉल थेट कपाळाच्या पट्टीवर बसला. कानात घंटा वाजली, मास्क फिरला, मला काही झालं नाही. पॅडना मात्र जुलैपर्यंत असा वास मारायला लागला की बायकोनं किटची बॅग गॅरेजात हलवली. महिन्यातून एकदा पॅड काढून धुवाच.

क्लिकर हा या किटमधला खलनायक. बॉल (बाहेरून गेलेला चेंडू), स्ट्राइक (योग्य जागेतून गेलेला किंवा बॅटरनं हुकवलेला चेंडू), आउट आणि इनिंग मोजायला हातात मावणारं चार चाकांचं यंत्र. मी स्वस्तातलं प्लास्टिकचं घेतलं, आणि सहाव्या आठवड्यात त्याचं स्ट्राइकचं चाक ढिलं पडलं. पाचवी इनिंग, दोन आउट, बेसेस भरलेले. मी जाहीर केलं, ‘टू अँड टू’, म्हणजे दोन बॉल, दोन स्ट्राइक. दोन्ही डगआउट एकाच वेळी ओरडले. एक म्हणे थ्री-वन, दुसरा म्हणे टू-टूच. खाली पाहिलं तर चाकावर एकच स्ट्राइक, आणि आदल्या पिचचं (टाकलेल्या चेंडूचं) मला काही आठवेना. टाइम घेतला, बेसवरच्या पार्टनरला (जोडीच्या अंपायरला) विचारलं, स्कोअरबुक मागवलं, टू-टूच निघालं. चार मिनिटं गेली. पण त्या चार मिनिटांत माझा भाव पडला तो पडलाच. पुढच्या प्रत्येक कॉलला कोणीतरी ‘नक्की ना, ब्लू?’ म्हणत होतं. (इथे अंपायरला ‘ब्लू’ म्हणतात, निळ्या शर्टामुळे. शिवी नाही, पण म्हणण्याच्या सुरावर आहे.) तेव्हापासून दर दोन पिचनंतर बोटं वर करून मोठ्यानं काउंट सांगतो, आणि क्लिकर धातूचा वापरतो.

आता पाच डॉलरचा ब्रश, म्हणजे प्लेट झाडायचा. याच्याबद्दल मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. वर्गात एवढंच, की झाडताना पाठ मैदानाकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे ठेवा. वापरताना कळलं, की प्लेट स्वच्छ करणं हे त्याचं दुय्यम काम. कॅचरच्या (प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) मांडीवर फाउल बॉल बसला की मी पुढे येऊन स्वच्छच असलेली प्लेट अर्धा मिनिट झाडतो. त्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि ‘मला दुखतंय’ असं म्हणावं लागत नाही. पुढच्या इनिंगमध्ये माझ्या खांद्यावर बॉल बसला की तोच कॅचर उठून पिचरशी उगाच गप्पा मारायला जातो. बॅटर कॉलवर नाराज असला तरीही ब्रश. वाकून, त्याच्याकडे न बघता, हळू म्हणायचं, ‘तुला तो बाहेर वाटला?’ तो म्हणतो, ‘बराच.’ मी म्हणतो, ‘ऐकलं.’ बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो, कारण गॅलरीला काही ऐकू गेलेलं नसतं. त्याच्या बोलण्यानं माझी लाज जात नाही, माझ्या उत्तरानं त्याची जात नाही.

पहिली हकालपट्टी एप्रिलमधली, रविवारच्या लीगमधली. तिसऱ्या बेसकडच्या डगआउटमध्ये मॅनेजर पहिल्या इनिंगपासून पुटपुटत होता. खालच्या पिचेसना मी स्ट्राइक देतोय, वगैरे. दुर्लक्ष केलं, तिथपर्यंत ठीक. तिसऱ्या इनिंगमध्ये तो म्हणाला, ‘चष्म्याचा नंबर बदल.’ मी हसलो. पाचव्यात पुन्हा काहीतरी बोलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मग ये ना इकडे, इथून बघ.’ तो आला. लांब ढांगा टाकत प्लेटपाशी आला, आणि मी मास्क न काढताच, थरथरत्या आवाजात, हात वर करून त्याला बाहेर काढलं. म्हणजे मीच बोलावलं, आणि आला म्हणून हाकललं! बॉल-स्ट्राइकवर वाद घालायला डगआउट सोडून कोणी निघालं, तर आधी ताकीद द्यायची आणि तरीही चालत राहिला तर बाहेर, असं नियमातच आहे. ताकीद मी गिळली होती.

पार्टनर सत्तरीचा, निवृत्त पोस्टमन, चाळीसेक मोसम काढलेला. पार्किंगमध्ये डिकीवर बसून शूज बदलताना तो म्हणाला, ‘तिसऱ्या इनिंगमध्ये एक वाक्य खर्च केलं असतंस, तर पाचव्यात माणूस खर्च झाला नसता.’

ते वाक्य कुठलं हे त्यानंच शिकवलं. पायऱ्या अशा: पहिल्यांदा कानाआड करा. दुसऱ्यांदा दखल घ्या, म्हणजे नुसतं डगआउटकडे बघा किंवा ‘ऐकलं, कोच’ म्हणा. तिसऱ्यांदा ताकीद, तीही अशी की सगळ्यांना दिसेल: हाताचा पंजा उभा, ‘आता पुरे’, आणि लगेच पाठ फिरवून आपल्या जागेवर. त्यानंतर बोलला तर त्यानं स्वतःच बाहेरचा रस्ता निवडलाय, तुम्ही फक्त दार उघडता. हायस्कूलच्या नियमांत मध्ये आणखी एक पायरी आहे, लेखी ताकीद देऊन कोचला बाकावर बसवायची. मला ती फार आवडते, पण आमच्या रविवारच्या लीगला ती नाही. ताकीद दिली की लाइनअप कार्डाच्या (संघाच्या यादीच्या) मागे इनिंग आणि शब्द लिहून ठेवायचे. लिहिताना हात स्थिर होतो, हा वरचा फायदा.

पायऱ्या कुठे चढायच्या नाहीत, तेही ठरलेलं असतं. ‘कॉल भिकार होता’ चालतं. ‘तू भिकार आहेस’ चालत नाही.

दुसरी वेळ जूनमधली, मुलांच्या मॅचची. मी ‘थ्री अँड टू’ म्हणालो आणि सहायक कोचनं माझ्या उच्चाराची नक्कल केली, मान हलवत, सिनेमात भारतीय दाखवतात तशी. बाकावरची दोन-तीन पोरं हसली. मला राग यायला हवा होता. गंमत म्हणजे आला नाही. टाइम घेतला, मास्क काढला, वळलो, साध्या आवाजात म्हणालो, ‘कोच, तुमची आजची मॅच संपली’, हात वर केला आणि दुसऱ्या बाजूला चालू लागलो. इथून पुढचं काम पार्टनरचं. ज्यानं काढलं त्यानं तिथे थांबायचं नाही. दुसऱ्यानं मध्ये येऊन त्या माणसाला बाहेरपर्यंत न्यायचं. शनिवारच्या मॅचेस लिटल लीगच्या नियमांवर चालतात, त्यामुळे त्याला मैदानाचं आवार सोडावं लागलं, प्रेक्षकांतही बसता आलं नाही, आणि पुढची मॅचही गेली.

अहवाल मात्र मी निबंधासारखा लिहिला: वंशभेद, मुलांवरचे संस्कार, माझी अठरा वर्षं अमेरिकेत. संघटनेच्या ज्येष्ठांनी परत पाठवला, ‘विशेषणं काढा’. सात ओळी उरल्या. इनिंग, स्कोअर, काउंट, तो काय म्हणाला आणि त्यानं काय केलं, मी काय केलं, किती वाजता गेला. वाचून वाटलं, निबंधापेक्षा या सात ओळीच जास्त लागतात. त्या कोचला शिक्षा झाली ती या ओळींवरच.

तिसरी ऑगस्टमधली. रविवार, आठवी इनिंग, कॉलेजचा पोरगा बॅटिंगला. बाहेरच्या कोपऱ्यावर मी तिसरा स्ट्राइक दिला. तो काही बोलला नाही. बॅटच्या टोकानं प्लेटच्या बाहेर, मातीत एक रेघ ओढली, बॉल कुठून गेला ते दाखवायला, आणि चालू लागला. अंपायर मंडळींत या रेघेला माफी नाही. शब्द न काढता सगळ्या मैदानाला सांगून झालेलं असतं, की प्लेटमागचा माणूस आंधळा आहे. मी त्याला काढलं. पार्टनर, मॅनेजर, सगळ्यांनी मान्य केलं. पोरगाही मुकाट्यानं गेला. मजा बघा, रेघ ओढायची परंपरा मुळात अंपायरची. बिल क्लेम, ज्यांना बेसबॉल अंपायरिंगचे जनक म्हणतात आणि १९५३ मध्ये ज्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ते वाद घालणाऱ्यासमोर बुटानं मातीत रेघ मारायचे: ही ओलांडलीस तर बाहेर.

घरी गेल्यावर कोणाच्या तरी बायकोनं काढलेला व्हिडिओ पाहिला. रेघ बरोबर होती. बॉल चांगला तीन-चार इंच बाहेर होता. काढलं ते योग्यच, पण कॉल चुकलेला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे कळायला सोपं आहे, पोटात उतरायला नाही.

या बाबतीत मेजर लीगचे (इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे) तेव्हाचे अंपायर जिम जॉइस यांची आठवण निघतेच. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये पिचर आर्मांडो गालारागाचा परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता संपवलेली मॅच) एका बॅटरवर आलेला असताना पहिल्या बेसवर जॉइसनी रनरला सेफ दिलं. साफ चूक. मॅचनंतर रिप्ले पाहून त्यांनी ती सरळ कबूल केली. दुसऱ्या दिवशी ते प्लेटमागे होते, आणि लाइनअप कार्ड घेऊन खुद्द गालारागा आला. जॉइस डोळे पुसत होते. मी त्या पोराच्या मॅनेजरला सप्टेंबरच्या मॅचआधी एवढंच म्हणालो, ‘ऑगस्टमधला तो पिच माझा चुकला.’ तो म्हणाला, ‘त्याला सांगतो. रेघ त्याची चुकली.’ त्या दिवशी सेकंड बेसच्या टॅगवर (हातातला चेंडू रनरला लावून बाद करण्यावर) तोच मॅनेजर बाहेर आला. ‘कोच, तुम्ही काय पाहिलंत ते आधी सांगा’ म्हटलं आणि वीस सेकंद गप्प राहिलो. त्यानं सांगितलं. मी म्हणालो, ‘माझ्या कोनातून हात बेसवर आधी पोचला.’ मान हलवत परत गेला. एप्रिलमधला मी याच प्रसंगात आवाज चढवला असता.

नवीन डोकेदुखी एक आलीय. पिचचा कॉल कॅमेऱ्यानं तपासा, असं आव्हान द्यायला डोक्यावर टिचकी मारायची पद्धत, जी मेजर लीगमध्ये २०२६ पासून अधिकृत झाली, ती जुलै २०२५ च्या ऑल-स्टार मॅचमध्ये पोरांनी टीव्हीवर पाहिली. पुढच्याच शनिवारी एका तेरा वर्षांच्या बॅटरनं स्ट्राइकवर हेल्मेटला टिचकी मारून माझ्याकडे पाहिलं. डगआउट खदाखदा. ही रेघेची सख्खी बहीण म्हणायची, की पोरखेळ? मी ब्रश काढला, वाकलो, म्हणालो, ‘आमच्याकडे कॅमेरा नाही रे, मीच आहे.’ तोही हसला. पण एखादा एकोणीस वर्षांचा हेच तोंड वाकडं करून करेल, तेव्हा काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.

कोणाला घ्यायचं असेल तर: मास्क जुना चालेल, पॅड नवे लावा. चेस्ट प्रोटेक्टर अंगावर घालून, गुडघ्यात वाकून बघितल्याशिवाय घेऊ नका. माझा खांद्यावर वर सरकतो, पुढच्या मोसमात बदलणार. बूट स्टीलच्या टोकाचेच हवेत, बोटं आपली आहेत. लाइनअप कार्डाचं पाकीट चामड्याचं घ्या, पावसात प्लास्टिकचं चिकटतं. आणि क्लिकर दोन ठेवा, एक हातात, एक बॉलच्या पिशवीत.