प्लाझ्मोलिसिसच्या प्रॅक्टिकलला रिओ की कांदा?

पुण्यात दोन्ही सहज मिळतात: रिओ (खालून जांभळ्या पानांचं शोभेचं झाड) कॉलेजच्या किंवा सोसायटीच्या बागेत वाफ्याच्या कडेला, कांदा मंडईत. बॅचला नुसता प्लाझ्मोलिसिस (तीव्र द्रावणात पाणी बाहेर गेल्याने पेशीतलं जीवद्रव्य आक्रसून भिंतीपासून सुटणं) दाखवायचाय की परासरण दाब काढून घ्यायचाय, यावर निवड ठरते. मोजायचं असेल तर रिओच घ्या.

रिओच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. अँथोसायनिन हे जांभळं रंगद्रव्य रिक्तिकेत असल्यामुळे जीवद्रव्य आक्रसलं की रंगही आक्रसतो, वेगळा स्टेन लागत नाही. पूर्ण वाढलेलं पान तिरकं फाडलं की कडेला पातळ साल सुटते. ५ मिमीचा तुकडा पुरे. कोवळ्या पानाची साल हिरव्या गरासकट येते, मग खालचं काही दिसत नाही. त्याच सालीत पर्णरंध्रंही दाखवता येतात. चीक लागला तर हात खाजतात, एवढं मुलांना आधी सांगा.

कांद्याच्या आतल्या बाजूचा पापुद्रा पहिल्याच प्रयत्नात निघतो, पण तो बिनरंगी. मग कोणीतरी आयोडीन टाकतं, पेशी मरतात, पडदा गळका होतो आणि द्रावण कितीही तीव्र असलं तरी काही आक्रसत नाही. त्याऐवजी न्यूट्रल रेडचं (जिवंत पेशी रंगवणारा लाल स्टेन) अगदी सौम्य द्रावण वापरा. लाल पाकळीची बाहेरची साल रंगीत खरी, पण ती फाटते. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये बाजारात साठवणीचा उन्हाळी कांदा असतो, त्याचा रंग फिकट.

द्रावणात मात्र दोन्हीकडे सारखीच चूक होते. १ मोलर सुक्रोज म्हणजे ३४.२ ग्रॅम साखर विरघळवून पाण्याने *एकूण* १०० मिली करायचं. १०० मिली पाण्यात साखर टाकली तर आकारमान १२१ मिलीच्या आसपास जातं आणि तीव्रता ०.८२ मोलरवर येते. सगळी मालिकाच घसरते. या १ मोलर द्रावणात पाणी मिसळून ०.१० ते ०.४० मोलरपर्यंत ०.०५ च्या पायऱ्या करा, साल १५-२० मिनिटं बुडवा, त्याच द्रावणाच्या थेंबात माउंट करा (पाण्यात केलं तर पेशी परत फुगतात) आणि ५० पेशी मोजा. फाटून रंग गेलेल्या पेशी मोजू नका. निम्म्या पेशी आक्रसल्या तीच तीव्रता परासरण दाबाच्या सूत्रात (दाब = तीव्रता × वायू स्थिरांक × केल्विनमधलं तापमान) घालायची: ०.२५ मोलर आली तर २७ अंशांना साधारण ६.२ बार.

नुसती आकृती काढायची असेल तर कांदा आणि ५ टक्के मीठ पुरे, काही मिनिटांत काम होतं. रिओ घेतलात तर सगळी पानं एकाच झाडाची तोडा. पाणी घातलेल्या कुंडीतली आणि उन्हात सुकलेली मिसळली की टेबलाटेबलाचे आकडे जुळत नाहीत.