2008 ची स्विफ्ट पेट्रोल: इंजिन बदललं नाही, बांधून घेतलं. नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी बाबांची, आता मी वापरते. जानेवारी 2008 ची स्विफ्ट व्हीएक्सआय, जुनं 1298 सीसीचं पेट्रोल इंजिन. मारुतीचं नवं 1.2 लिटरचं के-सिरीज इंजिन स्विफ्टमध्ये नंतर आलं, 2010 ला. घर ठाण्याला कोपरीत, ऑफिस ऐरोलीला. गेल्या पावसाळ्यात मीटर 1,61,000 वर होता आणि गाडी सहाशे किलोमीटरला लिटरभर ऑइल पीत होती. सकाळी स्टार्टर मारला की निळा धूर, आणि सोसायटीचे वॉचमनकाका न बोलता खुर्ची उचलून पलीकडे जाऊन बसायचे.

तीन गॅरेजांत दाखवली. पहिला बॉनेट न उघडताच म्हणाला, "ताई, इंजिनच बदला, ह्याच्यावर पैसे घालू नका." दुसऱ्याने फुल इंजिन काम सांगितलं. तिसऱ्याच्या मते फक्त व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑइल आत उतरू न देणारी रबरं) गेले होते, चार हजारांत भागेल. चार हजार ते पंचावन्न हजार, आणि तिघांपैकी एकानेही दाब मोजायचा गेज लावला नव्हता.

चौथे मिस्त्री वागळे इस्टेटचे. त्यांनी आठशे रुपये घेऊन कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजलं. चारही प्लग काढले, तिसऱ्या नंबरचा काळाकुट्ट आणि ऑइलने ओला निघाला. एक, दोन आणि चार नंबरला 165, 160, 158 पीएसआय (दाबाचं माप). तीन नंबरला 115. मग त्यांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारायला लावला. काटा 150 वर गेला. "बघितलं ताई? ऑइलने फट बुजली. पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्यात. व्हॉल्व्ह गळत असता तर आकडा हलला नसता." धुराची वेळही ते विचारत होते. रात्रभर उभी राहिल्यावर किंवा लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की धूर येत असेल तर संशय सीलवर, आणि चढाला जोर लावताना येत असेल तर रिंगांवर. माझी दोन्हीकडे धुरत होती.

म्हणजे काम मोठं, हे नक्की झालं. आता आहे तेच इंजिन उघडून, झिजलेले भाग बदलून बांधायचं, की दुसरं जुनं इंजिन आणून बदलायचं?

एका रविवारी भावाला घेऊन कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले. जमिनीवर ओळीने इंजिनं मांडलेली, त्यात स्विफ्टची दोन. एकाचे 32,000 सांगितले, बसवायचे गॅरेजवाल्याचे वेगळे बारा हजार. हिशोबाने हे बांधणीपेक्षा स्वस्तच होतं, आणि गाडी दोन दिवसांत हातात. पण गॅरंटी विचारली तर "सात दिवस, चालू करून दाखवतो." ते इंजिन कुठल्या गाडीचं, ती भंगारात का गेली, पुरात बुडाली होती का, ह्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. दुसऱ्या इंजिनावर इंजिन नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवल्यासारखी चकाकी होती. ते बघून भावाने माझी बाही ओढली आणि आम्ही निघालो.

नंबराचा मुद्दा बारीक वाटतो, पण माझा निर्णय तिथेच झाला. इंजिन नंबर आरसीवर असतो. इंजिन बदललं तर बिलासकट आरटीओत जाऊन नोंद बदलायची, विमा कंपनीला कळवायचं. चोरीच्या गाडीचं निघालं तर पुढचं बोलायलाच नको. बांधणीत ब्लॉक तोच राहतो, नंबर तोच, कागदाला हात लागत नाही. आणि माझे कागद नुकतेच झालेले. 2023 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा रि-रजिस्ट्रेशन केलं होतं. ती फी एप्रिल 2022 पर्यंत सहाशे होती, माझ्या वेळी पाच हजार, पर्यावरण कर वेगळा. आता आरसी जानेवारी 2028 पर्यंत आहे. पत्रा कुठे सडलेला नाही. चार वर्षांवर खर्च वाटला तर परवडतो असं गणित मांडलं. के-सिरीज बसवून घे, ॲव्हरेज वाढेल, असं एक मामेभाऊ सांगत होता. वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार) सगळं वेगळं आणि आरसीवर सीसीही वेगळी. तो विषय चहा संपायच्या आत संपला.

दिवाळीनंतर इंजिन उतरवलं. हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढल्यावर मिस्त्रींनी बोलावून घेतलं, सिलिंडरच्या वरच्या कडेवरून नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. रिंग जिथवर पोचत नाही तिथला भाग कोरा राहतो आणि खालचा झिजतो, ती ही पायरी. लेथवर डायल गेज लावला तेव्हा तिसऱ्या नंबरची झीज नऊ शतांश मिलिमीटर निघाली, शिवाय भोक लंबगोल. नुसत्या नव्या रिंगा टाकल्या असत्या तर त्या त्या लंबगोलात कधीच बसल्या नसत्या. चारही बोअर (सिलिंडरची भोकं) 0.25 मिलिमीटर मोठे कापून होनिंग केलं, म्हणजे आतून घासून घेतले, 0.25 ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा टाकल्या. क्रँक सुदैवाने ग्राइंड करावा लागला नाही, बेअरिंग बदलले. हेडला फेसिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, नवे सील, ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, पॅकिंग सेट. एकूण 58,400. आठ दिवसांचा वायदा होता, लागले तेवीस. तेवढे दिवस कोपरी ते ऐरोली रिक्षाचे किती गेले ते लिहीत नाही. जुने पिस्टन मात्र मागून घेतले. नवे खरंच बसवले की नाही हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

रनिंगला, म्हणजे नव्या रिंगा नीट बसायला, पहिले पाचशे किलोमीटर रविवारी पहाटे पाम बीच रोडवर काढले. साठच्या वर नाही, पण एका स्पीडला सलगही नाही, कधी तिसरा, कधी चौथा. पाचशेला ऑइल काढलं तर उन्हात धरल्यावर चांदीचा वर्ख मिसळल्यासारखं चमकत होतं. घाबरले. मिस्त्री म्हणाले, पहिल्यांदा असतंच. दीड हजारला पुन्हा बदललं, तेव्हा साफ होतं.

आज नऊ महिने, 8,200 किलोमीटर. परत कॉम्प्रेशन केलं: 190 च्या आसपास, चारही जवळजवळ सारखे. ऑइल पाच हजारात डिपस्टिकवर जेमतेम बोटभर उतरतं. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये साडेनऊ देणारी गाडी बारा-साडेबारा देते, नाशिकला जाऊन आले तेव्हा सोळा. पीयूसीवाल्याने ह्या वेळी मशीनची नळी दोनदा लावून बघितली नाही.

चुका माझ्या. इंजिन खाली असताना मिस्त्री म्हणाले होते, क्लच आणि रेडिएटरही करून घ्या. बजेट फाटलं होतं, मी नको म्हटलं. एप्रिलमध्ये घोडबंदरला गायमुखच्या चढावर, ट्रॅफिकमध्ये एसी चालू, आणि टेंपरेचरचा काटा वर चढला. बाजूला घेऊन हीटर फुल सोडला, काचा उघडल्या आणि चाळीस डिग्रीत घामाघूम होऊन बसले. रेडिएटर अर्धा चोक. नशीब हेड वाकलं नाही, नाहीतर सगळा खर्च त्या चढावर गेला असता. रेडिएटरचे 4,800. जूनमध्ये क्लच घसरायला लागला, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा, त्यात साडेसात हजार. पेट्रोलच्या रबरी नळ्याही कडक झाल्या होत्या, त्या बदलल्या. पेट्रोलमध्ये मिसळलेलं वीस टक्के इथेनॉल सोसायला ही गाडी बनलेलीच नव्हती, तेव्हा त्यावर आता डोळा ठेवते.

आणि एक राहिलंय. एसी लावून सिग्नलला उभी असले की स्टिअरिंग थरथरतं. बांधणीच्या आधी नव्हतं. माउंटिंग जुनीच परत लावली होती असा माझा अंदाज. मिस्त्रींना तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: "बसेल, ताई." थरथर अजून बसलेली नाही.