ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर शिकले, मग नाशिकच्या द्वारका सर्कलला गेले: नक्की किती उपयोग झाला

लायसन्स माझं २०१२ चं आहे पण गाडी कधी हातात घेतलीच नाही, हे असायचेच चालवायला. आता यांची बदली संभाजीनगरला झाली आणि लेकीचे क्लास, सासूबाईंचं दवाखान्याचं सगळं माझ्यावर आलं म्हणून मे महिन्यात ड्रायव्हिंग स्कूल लावलं. १५ दिवसांचं पॅकेज, साडेसहा हजार, त्यात पहिले ५ दिवस सिम्युलेटर आणि मग १० दिवस वॅगन आर. स्कूलचं नाव लिहीत नाही, सर खरंच चांगले आहेत, मला बोलायचंय ते मशीनबद्दल आणि तसली मशीन आता बऱ्याच ठिकाणी आलीत.

मशीन म्हणजे गाडीसारखी सीट, स्टिअरिंग, क्लच-ब्रेक-ॲक्सिलेटर, गिअर, हँडब्रेक आणि समोर तीन स्क्रीन. एसी रूम. पहिल्या दोन दिवसांत त्याचा फार फायदा झाला हे आधी सांगते. माझ्यासारखीला गाडी बंद पडायची भीती असते, मागचा हॉर्न मारेल, कोणीतरी काच खाली करून बोलेल, आणि त्या भीतीत पाय उलटसुलट पडतात. मशीनवर गाडी पन्नास वेळा बंद पडली तरी काही नाही, परत चावी फिरवा. क्लच दाबून पहिला गिअर, हळू सोडा, रेस द्या, दुसरा, तिसरा, हे खाली न बघता जमायला लागलं. आरसा बघून इंडिकेटर द्यायची सवय पण तिथेच लागली, न देता वळलं की मशीन मार्क कापतं ना.

पण हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी धरायची ती जागा, तिथे खरा कळतच नाही. मशीनमध्ये हाफ क्लच म्हणजे आवाज बदलतो, बस. खऱ्या गाडीत तळव्याला बारीक थरथर लागते आणि बॉनेट जरासं उचलल्यासारखं होतं. रामकुंडाकडून वर मालेगाव स्टँडला येताना चढावर थांबावं लागलं तेव्हा मी मशीनच्या सवयीने आवाजाची वाट बघत बसले, शेजारी रिक्षा, मागे बस, त्या गोंगाटात इंजिन काय ऐकू येणार, गाडी वीतभर मागे सरकली आणि सरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. म्हणाले, मॅडम कान नका लावू, पाय लावा. नंतर तीन सकाळी तोच चढ केला तेव्हा कुठे बसलं.

आता स्पीडचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चौथ्या दिवशी माझा दादा आला होता, त्याला म्हटलं बघूया तरी. स्क्रीनवर जिथे स्पीड दिसतो तिथे कागद चिकटवला आणि मी अंदाजाने ४० ठेवायचा. पाच वेळा केलं, प्रत्यक्षात आले ५२, ५७, ४९, ६१, ५५. एकदाही ४० च्या खाली नाही. मग पुढच्या रविवारी सकाळी सातला सातपूर एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर तेच वॅगन आरमध्ये केलं, सर शेजारी ब्रेकवर पाय ठेवून, मीटरवर पुठ्ठा, मागे दादा मोबाईलवर जीपीएसचा स्पीड बघत. आले ३८, ४३, ३६, ४१, ४०. तीच मी, तोच अंदाज, आणि एवढा फरक!

कारण नंतर नीट वाचून काढलं. आपण स्पीड फक्त समोर बघून ओळखत नाही, डोळ्याच्या कडेने झाडं, कंपाउंडच्या भिंती किती भराभर मागे जातात, टायरचा आवाज किती वाढला, सीट किती हलते, हे सगळं मिळून अंदाज येतो आणि तीन स्क्रीनच्या मशीनमध्ये यातलं फार थोडं मिळतं. म्हणून बाहेरदेशी जी मोठी संशोधनाची सिम्युलेटर आहेत त्यांत सगळी कॅबच हलवतात, अमेरिकेत आयोवा विद्यापीठाकडे जे आहे ते पूर्ण घुमट दोन्ही दिशांना जवळपास २० मीटर सरकवतं. खरी गाडी आणि जागेवर फिक्स असलेलं सिम्युलेटर यांची तुलना तर हॉलंडमध्ये १९८२ सालीच करून झालीये, म्हणजे हा प्रश्न काही नवा नाही. आपल्या गल्लीतल्या स्कूलकडून घुमटाची अपेक्षा नाहीच माझी, पण हा फरक शिकणाऱ्याला सांगायला पाहिजे, मला कोणी सांगितला नाही. ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते आणि ६० ला जवळपास १७, म्हणजे ब्रेककडे पाय जायला एक सेकंद लागला तर दीड वॅगन आर एवढं अंतर जास्त जातं. मधे कोणाचं लेकरू असेल तर?

दुसरी गोष्ट रहदारीची. मशीनमध्ये "भारतीय शहर" म्हणून मोड आहे, त्यात गाय पण आहे. पण ती गाय तिसऱ्या सिग्नलनंतर डाव्या वळणालाच उभी असते, रोज. तिसऱ्या दिवशी मी ती दिसायच्या आधीच ब्रेक दाबायला लागले आणि मशीनने पैकीच्या पैकी मार्क दिले. म्हणजे मी रस्ता नाही, प्रोग्राम पाठ केला. द्वारका सर्कलला असं काही पाठ करून चालत नाही, मुंबईकडून, धुळ्याकडून, नाशिकरोडकडून, सारडा सर्कलकडून सगळीकडून एकदम येतात, रिक्षावाला पॅसेंजर दिसला की तोंडावरच थांबतो, टू-व्हीलरवाला डावीकडून घुसतो आणि त्याच्या मानेकडे बघून ओळखावं लागतं की हा थांबणार का जाणार. मशीनमधली माणसं मान वळवतच नाहीत. हॉर्न दिला तरी कोणी बाजूला होत नाही. आणि दिंडोरी रोडला मार्केट यार्डाकडे संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉली असतात, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, त्या अंधारात कशा ओळखायच्या ते शिकवणारं मशीन मला तरी दिसलं नाही.

घाटाचा मोड बरा आहे. उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवायचं, सतत ब्रेकवर उभं राहायचं नाही, चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हे चांगलं बिंबवलंय. फक्त धुकं म्हणजे नुसती पांढरी स्क्रीन. जूनच्या शेवटी कसारा घाटात दादाच्या शेजारी बसून गेले तेव्हा काच आतून धूसर झाली, फडक्याने पुसली तर ओघळ राहिले, मग एसी काचेवर सोडला, आणि पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आला. दादा म्हणाला हा वास आला की अंतर वाढवायचं. मशीनला वास कुठून येणार.

ज्यांना बसमध्ये त्रास होतो त्यांच्यासाठी एक. मला पहिल्या दिवशी दहा-बारा मिनिटांत मळमळायला लागलं. डोळे म्हणतात आपण वळतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसल्याजागी आहोत, त्याचा तो त्रास. १५ मिनिटं करा, उठा, पाणी प्या, परत बसा. सलग पाऊण तास बसवत असतील तर स्पष्ट नाही म्हणा.

१ जुलै २०२१ पासून केंद्राचा नियम आहे की मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरला सिम्युलेटर पाहिजेच आणि चारचाकीचा कोर्स २९ तासांचा, त्यातले २१ तास प्रॅक्टिकल. माझं साधं स्कूल होतं, तिथे मशीनवर किती दिवस बसवायचं ते मालक ठरवतो आणि मशीनला पेट्रोल लागत नाही हे त्यालाही माहीत आहे. ५ दिवस जास्त झाले. माझ्या मते २ दिवस मशीन, फार तर ३, आणि राहिलेले दिवस गाडीवर मागून घ्या, पैसे भरायच्या आधीच बोला, नंतर ऐकत नाहीत. आणि गाडीचे सगळे तास सकाळी सहा-सातचे घेऊ नका, शेवटचे चार तरी संध्याकाळी सहाचे मागा, मुंबई नाका, द्वारका, शालिमार करून घ्या सर शेजारी असतानाच. मी मागितले, मिळाले, आणि कालच सासूबाईंना घेऊन एकटी नाशिकरोडला जाऊन आले.