व्हीएमची स्क्रीन: ऑटो रिसाइझ, फिक्स रिझोल्युशन की नुसतं स्केलिंग?

नवीन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर) टाकली की हमखास एवढ्या मोठ्या मॉनिटरवर मधोमध टीचभर खिडकी, ८०० बाय ६०० नाहीतर १०२४ बाय ७६८, आणि डिस्प्ले सेटिंग उघडून बघावं तर यादीत मोठा पर्यायच नसतो. आतल्या ओएसला (हिलाच गेस्ट म्हणतात, बाहेरच्या खऱ्या मशीनला होस्ट) तुमचा मॉनिटर दिसतच नाही हो, तिला दिसतं ते व्हर्च्युअल ग्राफिक्स कार्ड, आणि त्याचा ड्रायव्हर नसला की ती बिचारी जेमतेम साइजवर भागवते.

रोजच्या वापराला माझं मत सरळ ऑटो रिसाइझला. खिडकी ओढाल तसं रिझोल्युशन बदलतं, डोक्याला ताप नाही. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्यासाठी गेस्ट अ‍ॅडिशन्स (गेस्टमध्ये टाकायचे ड्रायव्हर आणि टूल्स) लागतात, आणि लिनक्स गेस्ट असेल तर आधी जीसीसी, मेक (ड्रायव्हर बिल्ड करायची टूल्स) आणि चालू कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर्स टाकून घ्या, नाहीतर इन्स्टॉलर पूर्ण झाल्यासारखा वाटतो पण ड्रायव्हरचं मॉड्यूल बिल्डच झालेलं नसतं. रीस्टार्ट करून व्ह्यू मेनूत ऑटो-रिसाइझ अजूनही फिकट दिसत असेल तर अ‍ॅडिशन्स लोड झाले नाहीत असं समजा. सगळं टाकूनही स्क्रीन हलत नसेल तर व्हीएमच्या डिस्प्ले सेटिंगमधला ग्राफिक्स कंट्रोलर बघा, लिनक्सला व्हीएमएसव्हीजीए, विंडोजला व्हीबॉक्सएसव्हीजीए. व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा असं जो तो सांगतो, पण हिशेब केला तर फुल एचडीच्या एका फ्रेमला ८ एमबीच्या आसपास लागते, १६ मध्ये भागतं, ४के ला मात्र ३३ च्या पुढे जाते तेव्हा तिथे वाढवावीच लागते. व्हीएमवेअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर उबुंटू लिनक्स असेल तर ओपन-व्हीएम-टूल्सचं (तिथली गेस्टमधली टूल्स) डेस्कटॉपवालं पॅकेज वेगळं असतं, तेच टाकायचं राहिलेलं असतं बऱ्याचदा. केव्हीएमवाल्यांनी (लिनक्समधलीच व्हीएमची सोय) गेस्टमध्ये स्पाइस व्हीडीएजंट टाकायचा, विषय संपला.

फिक्स रिझोल्युशन कोणासाठी? स्क्रीन रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी, किंवा वेबसाइट ठरावीक साइजवर कशी दिसते हे तपासणाऱ्यांसाठी. चुकून खिडकी ओढली गेली आणि मधेच साइज बदलली तर अख्खं रेकॉर्डिंग वाया, म्हणून इथे ऑटो बंदच बरं. लिनक्समध्ये सीव्हीटी या कमांडने हव्या साइजचा मोड काढून एक्सरँडआर या स्क्रीन सेट करणाऱ्या कमांडला द्यायचा हा जुना उपाय चालतो, पण फक्त एक्स११ या जुन्या डिस्प्ले सिस्टमवर, नव्या वेलँड सेशनमध्ये नाही, आणि रीबूट केलं की गेलं सगळं, त्यामुळे स्टार्टअपला स्क्रिप्ट लावावी लागते.

हायपर-व्ही, म्हणजे विंडोजमधली व्हीएमची सोय, वापरत असाल तर निवड जवळजवळ झालेलीच आहे. विंडोज गेस्ट असेल तर एन्हान्स्ड सेशन घ्या, कनेक्ट होतानाच साइज विचारतं, फक्त आत होम एडिशन असेल तर चालत नाही कारण ते सेशन मुळात रिमोट डेस्कटॉपवर उभं आहे. लिनक्स गेस्टला जुन्या फ्रेमबफर (स्क्रीनच्या) ड्रायव्हरवर ग्रब या बूटलोडरच्या ओळीत रिझोल्युशन लिहून ठेवायचं आणि ग्रब अपडेट करायचं, म्हणजे फिक्सच झालं.

राहिलं स्केलिंग. यात रिझोल्युशन बदलत नाही, आहे तेच चित्र ताणलं जातं, त्यामुळे अक्षरं पुसट होतात आणि लोक ड्रायव्हरला शिव्या घालत बसतात. व्हर्च्युअलबॉक्सवर उजवा कंट्रोल आणि सी दाबलं की स्केल्ड मोड लागतो, मेनूबारही गायब होतो, घाबरू नका, तेच परत दाबा. पण विंडोज ९८ सारखं जुनं काही चालवायचं असेल, ज्याला अ‍ॅडिशन्सच नाहीत, तर मोठं दिसायला हाच सोपा मार्ग. ४के होस्टवर खिडकी मुंगीएवढी दिसते तिथेही चालेल, मात्र २०० टक्केच ठेवा, एका पिक्सेलचे बरोबर चार होतात. १५० वर ते गणित जुळत नाही आणि अक्षरांच्या कडा फाटतात.