एचओ, एन की टीटी? मिरज जंक्शन भिंतीवर बसवायचं असेल तर

माझा भाचा यंदा नोकरीला लागला आणि मॉडेल रेल्वे सुरू करायची म्हणतोय. "मामा, एचओ घेऊ का एन?" एवढंच त्यानं विचारलं. टीटीचं नावसुद्धा काढलं नाही. लहानपणी दर गणपतीत आमच्या आरासीतली जी गाडी तो तासन्‌तास चालवायचा, ती टीटीचीच होती. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. सांगली-मिरजेत दोन-तीन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या आणि हा छंद धरू पाहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

आधी मापं. एचओ म्हणजे १:८७, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी लांबी, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन युरोपीय मापानं १:१६०, रूळ ९ मिमी. या नऊवरूनच त्याचं नाव पडलं. टीटी म्हणजे टेबल टॉप, १:१२०, रूळ १२ मिमी.

आकड्यांत टीटी मधोमध बसतं, पण खोलीत मांडल्यावर फरक कळतो. आपला नेहमीचा आयसीएफ डबा बफरसकट २२.३ मीटर लांब. एचओत तो साडेपंचवीस सेंटीमीटर होतो, टीटीत साडेअठरा, एनमध्ये चौदा. एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आणि मागे दहा डबे जोडले, की एचओत पावणेतीन मीटरची गाडी होते. टीटीत दोन मीटर, एनमध्ये दीड. बारा फुटांच्या भिंतीला पावणेतीन मीटरचा फलाट लावला, तर दोन्ही टोकांच्या सांध्यांना, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या तुकड्यांना, जागाच उरत नाही. वळणाचंही तेच. टीटीत मी ३१० मिमी त्रिज्येचं वळण वापरतो, त्यासाठी ७५ सेंमी रुंदीची फळी पुरते आणि एका बाजूला उभं राहून हात पलीकडच्या कडेपर्यंत जातो. एचओत लांब डबे नीट फिरवायचे तर मीटरभर रुंदी धरून चला. गाडी पलीकडे घसरली की पोटावर आडवं होऊन उचलायची.

मग एनच का नाही? लांब गाड्या पळताना बघणं हाच आनंद असेल तर खरंच एन घ्या. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस घरात पळवायची तर दुसरा पर्याय नाही. मला अडचण वाटते ती वजनाची. त्याच इंजिनाचं घनफळ टीटीत एनच्या जवळजवळ अडीचपट भरतं. म्हणजे आत वजन टाकायला, डीकोडर (इंजिनाला हुकूम पोचवणारी चिप) आणि स्पीकर बसवायला जागा मिळते, आणि रुळावर जराशी धूळ असली तरी गाडी अडखळत नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत रुळावर बोटानं रेघ ओढता येते. एनचं हलकं इंजिन अशा रुळावर थांबत थांबत जातं. आणि वयाच्या पन्नाशीनंतर ते डोळ्यांनाही झेपत नाही.

मिळण्याच्या बाबतीत एचओ सरळसरळ पुढे आहे, यात वाद नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, तेही एचओतलंच. एकदा जाऊन याच. भारतीय इंजिन-डबे, जुना माल, सल्ला द्यायला माणूस, सगळं एचओत लवकर सापडतं. टीटीत जवळजवळ सगळं बाहेरून मागवावं लागतं. माझ्या एका जुन्या इंजिनाचा दातेरी गिअर तडकला, तेव्हा तीन मिलिमीटरच्या त्या चकतीसाठी अडीच महिने थांबलो. एचओत हे काम आठवड्यात झालं असतं.

तरीही मी टीटी सोडलं नाही, आणि त्याचं कारण मिरज आहे. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वे ही नॅरोगेज गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. सत्तरच्या दशकात पुण्याकडचा मार्ग ब्रॉडगेज झाला, बेळगावकडचा मात्र नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला. त्यामुळे कित्येक वर्षं तिन्ही गेज एकाच जंक्शनात नांदले. मला तेच मिरज करायचंय. आता हिशेब बघा. १:१२० ला मीटरगेज ८.३ मिमी येतो, त्याला एनचा ९ मिमीचा तयार रूळ चालतो. बार्शी लाइटचा ७६२ मिमीचा नॅरोगेज येतो ६.३५, त्याला झेडचा (एनहूनही लहान माप) ६.५ मिमीचा रूळ अगदी बेताचा बसतो. एनमध्ये तोच नॅरोगेज पावणेपाच मिमी होतो, तेवढ्याला दुकानी रूळ मिळणं मुश्कील. एचओत तिन्ही गेज छान जमतात, पण ते जंक्शन माझ्या भिंतीवर मावत नाही. आपला ब्रॉडगेज मात्र १:१२० ला १४ मिमी हवा आणि आपण तो १२ वर चालवतो. ही तडजोड तिन्ही मापांत सारखीच आहे, कारण तयार रूळ युरोपीय गेजचे असतात.

भोवतीचा मुलूख करायलाही हे माप हाताला सोयीचं आहे. दहा फुटी ऊस टीटीत अडीच सेंटीमीटर होतो. काथ्याची दोरी सोडवायची, हिरव्या रंगात बुडवायची, वाळली की कापून ओळीनं चिकटवायची. मिरजेबाहेर डोळ्यांना दिसतो तसा फड उभा राहतो.

टीटी बंद पडणार, हे मी सुरुवातीपासून ऐकत आलोय. अमेरिकेत १९४५ च्या सुमारास हे माप सुरू झालं आणि पुढे मागे पडलं. ब्रिटनमध्ये ट्रायअँग कंपनीनं १९५७ मध्ये आणलं, तेही टिकलं नाही. पूर्व जर्मनीत मात्र लहान घरांतल्या लोकांनी ते धरून ठेवलं, आणि टिलिग ही जर्मन कंपनी आजही ते बनवते. २०२२ मध्ये हॉर्न्बी आणि पेको या दोन्ही ब्रिटिश कंपन्या १:१२० मध्ये उतरल्या, तेव्हा नवा रूळ हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून होतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर होतो. पाणी अंगणात आलं तेव्हा मी आणि बायकोनं १२० बाय ७५ च्या दोन्ही फळ्या बोल्ट काढून, एकेक उचलून वरच्या मजल्यावर नेल्या. एचओची मीटरभर रुंदीची फळी त्या अरुंद जिन्यात वळली नसती.

तेव्हा भाच्याला माझा सल्ला असा: विकत घेऊन लगेच चालवायचं असेल आणि खोली मोठी असेल तर एचओ. लांब गाड्यांची हौस असेल तर एन. हातानं करायची तयारी असेल आणि मिरज करायचं असेल तर टीटी. टीटी घेतलंस तर जुना ब्रिटिश माल घेताना जपून. ट्रायअँगचं टीटी १:१०१.६ आहे, रूळ तोच १२ मिमी, पण डबा शेजारी लावला की ठेंगणा-उंच दिसतो. एचओसाठीच्या थ्रीडी फाइली ७२.५ टक्क्यांवर छाप. आणि पहिल्याच ऑर्डरीत दोन सांधे जादा मागव.