जुना झिऑन की नवा लॅपटॉप? दोन्हीकडे १४ कोअर, मग घ्यायचं काय

झिऑन ई५-२६८० व्ही४ बसवलेला सेकंडहँड टॉवर घ्यावा की कोअर आय७-१२७००एचचा लॅपटॉप, यावर अनेकांचं घोडं अडतं. पहिला २०१६चा सर्व्हर प्रोसेसर, दुसरा २०२२चा लॅपटॉपचा. दोघांपुढेही १४ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) लिहिलेले असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

झिऑनचे चौदाही कोअर सारखे, प्रत्येकावर दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), म्हणजे एकूण २८. मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, एखाद-दुसराच कोअर कामात असेल तर ३.३, सगळे जुंपले की साधारण २.९. १२७००एचमध्ये ६ दमदार कोअर आणि ८ काटकसरी, थ्रेड २०. दमदार कोअर ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, शिवाय त्याची रचना नवी असल्याने तेवढ्याच वेगातही जास्त काम उरकतो. टॅली, एक्सेलमधली बरीचशी आकडेमोड, ब्राउझर अशी एकेका कोअरवर तोललेली कामं लॅपटॉपवर जवळपास दुप्पट वेगाने होतात. सगळे कोअर लावले तरी चांगलं कूलिंग असलेला १२७००एच बहुधा पुढेच राहतो. त्यामुळे निव्वळ वेगासाठी हा झिऑन घेऊ नये.

घ्यायचा तो मेमरीसाठी. १२७००एचची अधिकृत मर्यादा ६४ जीबी. प्रत्येकी ८ जीबीची आठ व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगळे संगणक) मांडली की ती तिथेच संपते, होस्टला, म्हणजे मूळ मशीनला, काही उरत नाही. आठ स्लॉटच्या झिऑन टॉवरमध्ये ३२ जीबीच्या पट्ट्या लावून २५६ जीबी सहज होते, आणि तीही ईसीसी, म्हणजे एका बिटची चूक जागीच दुरुस्त करणारी. झेडएफएसवर (डेटा तपासत सांभाळणारी फाइल सिस्टिम) घरचा सगळा साठा ठेवणाऱ्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. १२७००एचमध्ये ती सोयच नाही.

इथे एक चूक सर्रास होते. झिऑनला मेमरीचे चार चॅनल, म्हणजे मेमरीकडे जाणारे चार वेगळे रस्ते, आहेत. डीडीआर४-२४०० च्या चार पट्ट्या चार चॅनलवर लावल्या तर सेकंदाला ७६.८ जीबीची वाट मिळते. लॅपटॉपमधल्या डीडीआर५-४८०० च्या दोन पट्ट्याही नेमक्या तेवढ्याच देतात. पण विक्रेता टॉवरमध्ये १६ जीबीची एकच पट्टी घालून देतो आणि ही वाट १९.२ वर येते. मग रेंडर रेंगाळतो आणि दोष प्रोसेसरला जातो. पट्ट्या चारच्या पटीत घ्या. रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीच्या, मध्ये जादा चिप असलेल्या) आणि साध्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत, मशीन सुरूच होत नाही.

दुसरा फरक कार्डांचा. झिऑनला पीसीआयई ३.०च्या ४० लेन, म्हणजे कार्डं जोडायच्या वाटा, आहेत: ग्राफिक्स कार्डाला १६, डिस्क कंट्रोलरला ८, १० गिगाबिट नेटवर्क कार्डाला ८, एका एनव्हीएमईला (वेगवान एसएसडी) ४, तरी ४ उरतात. लॅपटॉपवर बाहेरून कार्डं जोडायची तर थंडरबोल्ट या वेगवान पोर्टच्या एका वायरीवर भागवावं लागतं. उलट झिऑनमध्ये ग्राफिक्सच नाही; कार्ड नसेल तर स्क्रीन काळी. जेलीफिनवर (घरचे व्हिडिओ दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) व्हिडिओ ट्रान्सकोड करायचा, म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायचा, तर १२७००एचमधला क्विकसिंक हा खास व्हिडिओ विभाग ते काम जवळपास फुकटात करतो, झिऑनचे मात्र कोअर राबतात.

लॅपटॉपचं दुखणं उष्णता. ४५ वॅट ही त्याची मूळ मर्यादा, ११५ ही थोड्या वेळाची कमाल. पातळ बॉडीत पहिल्या मिनिटाभरात आकडे छान येतात, मग तापमान १०० अंशांकडे जातं आणि वेग उतरतो. म्हणून सिनेबेंच ही वेगाची चाचणी एकदाच चालवून भुलू नका, दहा मिनिटांची चाचणी लावा आणि शेवटचा आकडा बघा. प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो. तो गेला की बोर्डच बदलावा लागतो.

विजेचा हिशेब बहुतेक जण विसरतात. असा टॉवर रिकामा बसूनही ६०-८० वॅट ओढतो. ७० धरले तर महिन्याला सुमारे ५० युनिट. स्क्रीन बंद ठेवलेला लॅपटॉप १० वॅटच्या आसपास, म्हणजे ७ युनिट. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांच्या पुढे चढतो, त्यामुळे टॉवरची ही ५० युनिटं बहुतेक घरांत महागड्या टप्प्यात पडतात. वीज गेली तर लॅपटॉपला बॅटरी आहेच, टॉवरला वेगळा यूपीएस लागतो. लॅपटॉप चोवीस तास चार्जरवर ठेवणार असाल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांखाली अडवा, नाहीतर बॅटरी फुगण्याचा धोका वाढतो.

आणखी एक: हा झिऑन विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे लिनक्स किंवा प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवायची प्रणाली) चालवणाऱ्यानेच याच्या वाटेला जावं.

तसा विचार पक्का असेल, तर पैसे देण्याआधी प्रोसेसरच्या झाकणावर एसआरने सुरू होणारा कोड आहे का बघा. ‘कॉन्फिडेन्शियल’ असं कोरलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना, नको. बोर्डावर कूलरची भोकं चौकोनी मांडणीची, ८० बाय ८० मिलिमीटर आहेत की अरुंद, ५६ बाय ९४, हे मोजा. एकाचा कूलर दुसऱ्याला बसत नाही. ‘एक्स९९’ नावाच्या स्वस्त बोर्डांत काहींना दोनच चॅनल असतात, तिथे चार पट्ट्यांचा फायदा मिळत नाही. शेवटी सगळ्या पट्ट्या लावून मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम एक पूर्ण फेरी चालू द्या.